मदत हवी आहे: ड्यूकच्या पोरांचा अंदाज कसा घ्यायचा?

मंडळी, आम्ही नॉर्थ कॅरोलिनातल्या केरीत राहतो, त्यामुळे ड्यूक विद्यापीठाच्या बास्केटबॉल टीमचा नाद लागणारच. यंदा (नोव्हेंबर 2024) माझा पार गोंधळ उडालाय.

आमचा कूपर फ्लॅग अजून 18 चाही नाही. केंटकीविरुद्ध 26 पॉइंट, 12 रिबाउंड. पण 72-72 अशी बरोबरी असताना आत घुसला आणि ओटेगा ओवेने चेंडू हातातून हिसकावून नेला. हरलो 77-72. माझे सासरे पुण्याहून आलेत, ते म्हणाले, "एवढ्या लहान पोराच्या गळ्यात शेवटची ओव्हर कशाला घालायची?" प्रश्न रास्त आहे!

मग ॲरिझोनाला त्यांच्याच घरात 69-55 ने हरवलं. वाटलं, गाडी रुळावर आली. लगेच लास व्हेगासला कॅन्ससकडून 75-72. त्यांच्या हंटर डिकिन्सनला जवळजवळ दहा मिनिटं बाकी असताना पंचांनी बाहेर काढलं होतं, तरी हरलो. तेच जास्त झोंबलं.

आमचा खामान मालुआच सात फुटांच्या वर, रिंगजवळ भिंतच, पण नवखा. कॉन क्नुपेलचा नेम मला आवडतो. टायरीस प्रॉक्टरचं तिसरं वर्ष, मग शेवटच्या मिनिटाला चेंडू त्याच्याकडे का नको?

जाणकारांनो, दोन गोष्टी सांगा. या हारी कोवळेपणाच्या की कोच जॉन शायरच्या डावपेचांच्या? आणि पुढच्या मॅचेसमध्ये स्कोअर सोडून नेमकं काय बघू? सासऱ्यांनाही समजावायचंय, ते आता माझ्याआधी टीव्हीसमोर बसतात.