दुबार ठोका की दुहेरी ठसा?

विचारणा: अमेरिकेच्या सुरुवातीच्या तांब्याच्या सेंटांवर टिपण लिहितो आहे. ‘डबल स्ट्राइक’ आणि ‘डबल्ड डाय’ या दोन्हींना मी आजवर ‘दुहेरी छाप’च म्हणत आलो. वेगळे शब्द सुचवाल का?

उत्तर: वेगळे हवेतच, कारण चूक दोन वेगळ्या जागी होते. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत १७९३ साली सेंट पाडायला लागले, ते स्क्रू-प्रेसचा दांडा हाताने ओढून. पाडलेलं नाणं ठशांमधून (ठसा म्हणजे डाय, नाण्याची आकृती कोरलेला साचा) बाहेर न पडता किंचित फिरून तिथेच राहिलं आणि दांडा पुन्हा ओढला गेला, की त्याच नाण्यावर दुसरा घाव. हा ‘दुबार ठोका’. दुबार पेरणीत शेत तेच असतं, तसं इथे नाणं तेच.

डबल्ड डायमध्ये नाण्यावर घाव एकच बसतो. आकृती ठशातच दोनदा उतरलेली असते. म्हणून ‘दुहेरी ठसा’. १९५५चा लिंकन सेंट पाहा: त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर साल तसंच दुहेरी दिसतं. दुबार ठोक्याचं प्रत्येक नाणं मात्र एकटंच.

शंका: ‘ठोका’ हातोड्याने पाडलेल्या शिवराईला शोभतो. प्रेस तर दाबतो ना?

उत्तर: नाही. दांड्याच्या झोक्याने स्क्रू वेगात खाली येतो आणि घावच घालतो. ‘ठोका’ राहू दे. ‘दुणावलेली छाप’ मात्र मला नको वाटते. आनंद दुणावतो, तिथे वाढ असते. इथे उलट दुसऱ्या घावाने पहिली छाप चपटते.

माझ्याकडे १८१७चा असा एक सेंट आहे. भिंगाखाली कडेच्या चांदण्या स्पष्ट दोन-दोन दिसतात, नाण्यावरच्या स्त्रीच्या मुकुटावरच्या ‘लिबर्टी’ची अक्षरं जेमतेम सरकलेली, आणि गालाजवळ तर काहीच कळत नाही. नाणं मध्याभोवती फिरलं की सरकणं कडेलाच जास्त दिसणार.

पुरवणी: तिसरा प्रकारही टिपणात घ्या. त्या काळी सालाचे अंक कारागीर एकेक करून ठशात हाताने ठोकत. १७९९च्या काही सेंटांवर शेवटच्या ९ खाली जुना ८ डोकावतो, कारण आदल्या सालचा ठसा वाया न घालवता त्यावरच नवा अंक मारला. ही चूक नव्हे, काटकसर. याला साधं ‘अंकावर अंक’ म्हणावं. बाकीचं नाणं स्वच्छ असतं, तेव्हा ‘दुहेरी ठसा’ इथे लावू नका.