पलाझ्झो बार्बेरिनी: एका वाड्याला दोन थोरले जिने का?

प्रश्न: रोममधल्या या वाड्यात डावीकडे चौकोनी जिना आहे, उजवीकडे लंबवर्तुळाकार. दोन कशाला? आणि कोणता कुणाचा?

दगडीचौक: बिऱ्हाडं दोन होती म्हणून. माफ्फेओ बार्बेरिनी १६२३ला पोप झाला (आठवा अर्बन), १६२५ला बार्बेरिनींनी स्फोर्झा घराण्याची जागा विकत घेतली. उत्तरेची (डावी) बाजू पोपचा पुतण्या ताद्देओच्या संसाराला, दक्षिणेची (उजवी) त्याचा भाऊ कार्डिनल (चर्चचा वरिष्ठ धर्माधिकारी) फ्रान्चेस्कोला. मूळ आराखडा वास्तुकार मादेर्नोचा. तो १६२९ला वारला आणि काम बेर्निनीकडे आलं. चौकोनी जिना बेर्निनीचा, लंबवर्तुळाकार बोर्रोमिनी या दुसऱ्या वास्तुकाराचा मानतात. मादेर्नोचं नाव मात्र सगळे विसरतात!

चुनावाळू: लंबवर्तुळाकार जिन्याचा भार आतल्या बाजूच्या जोडखांबांवर आहे. वळणावर पायरी आतून अरुंद होते, त्यामुळे बाहेरच्या कडेने चढावं.

प्रश्नकर्ता: दिवाणखान्याच्या छताचं नक्षीकाम गिलाव्याचं ना?

चुनावाळू: नाही, चित्राभोवतीची ती चौकटही रंगवलेलीच. चित्रकार पिएत्रो दा कोर्तोना, १६३३ ते १६३९. भित्तिचित्रात दिवसभरात रंगवून होईल तेवढाच ओला गिलावा चढवतात. चुना सुकल्यावर लावलेला रंग आत मुरत नाही, पुढे पापुद्रे सुटतात.

दगडीचौक: छतावरच्या तीन मोठ्या मधमाश्या शोधा, ते घराण्याचं चिन्ह.