मिलानमध्ये आईबाबांच्या लग्नाचा ४०वा वाढदिवस: चांगल्या रेस्तराँत शाकाहारी जेवण कसं जमवायचं?

सोनकी:
नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आईबाबा मिलानला येताहेत. त्यांच्या लग्नाच्या ४०व्या वाढदिवसाला एका चांगल्या, पांढऱ्या टेबलक्लॉथवाल्या इटालियन रेस्तराँत न्यायचं आहे. आई शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. बाबा मासे खातात, मटण-चिकन नाही. दोघांनाही अर्धवट शिजलेलं आवडत नाही. वाढदिवस ते आल्याच्या दुसऱ्याच दिवशी आहे. बुकिंग कधी करू, काय सांगू, आणि आईसाठी नेमकं काय मागवू?

मिलानकर:
आधी वेळ ठरवा. तिथली चांगली स्वयंपाकघरं संध्याकाळी साडेसातच्या आधी सुरू होत नाहीत. नोव्हेंबरात भारत साडेचार तास पुढे असतो, म्हणजे मिलानचे साडेसात हे आईबाबांच्या शरीराला रात्रीचे बारा. पहिला पदार्थ येईपर्यंत दोघं पेंगुळलेले असतील. दुपारी साडेबाराचं टेबल घ्या, घड्याळ त्यांच्या लेखी संध्याकाळचे पाच दाखवेल. रविवार-सोमवारी बऱ्याच जागा बंद असतात, तेवढं बघून घ्या.

बुकिंग तीन-चार आठवडे आधी करा. कार्डाचा नंबर मागतात. न कळवता गैरहजर राहिलात तर दरडोई रक्कम कापतात.

टेस्टिंग मेनू (शेफने ठरवलेल्या अनेक छोट्या पदार्थांची मालिका) घेऊ नका. तो बहुतेक ठिकाणी सगळ्या टेबलाने मिळूनच घ्यावा लागतो आणि अडीच-तीन तास चालतो. वेगवेगळे पदार्थ मागवा. आंतिपास्तो (सुरुवातीचं), प्रीमो (पास्ता किंवा भात), सेकोंदो (मुख्य पदार्थ), दोल्चे (गोड) असे चारही टप्पे प्रत्येकाने घ्यायची सक्ती नसते. दोन टप्पे आणि शेवटी गोड, एवढं पुरतं.

रवाळ:
सगळ्यात मोठी चूक म्हणजे फक्त "व्हेजिटेरियन" एवढंच सांगणं. इटालियन वेटरच्या डोक्यात त्याचा अर्थ "ताटात मांसाचा तुकडा नको" इतकाच असतो. अंडं, चीज, मांसाचा रस्सा हे त्यात खपून जातं. त्यामुळे बुकिंगच्या मेलमध्येच घटक लिहा: मांस, मासे, अंडी नकोत, रस्सा भाज्यांचाच हवा, प्राण्यांची चरबी आणि जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला, गोड पदार्थ घट्ट करणारा पदार्थ) नको. टेबलावर बसल्यावर पुन्हा सांगा: "सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे, सेंत्सा उओवा, कोन ब्रोदो वेजेताले."

आधी का सांगायचं? रिसोत्तो, म्हणजे रश्श्यात शिजवलेला मऊसर इटालियन भात, अठराएक मिनिटं घेतो, म्हणून कित्येक स्वयंपाकघरांत तांदूळ आधीच मांसाच्या ब्रोदोत (रश्श्यात) अर्धामुर्धा शिजवून ठेवलेला असतो. ऐन वेळी बदल मागितला तर शेफच्या हातात काही उरत नाही. मिलानचा प्रसिद्ध केशरी रिसोत्तो रंगाने केशरभातासारखा दिसतो आणि तिथेच फसगत होते: पारंपरिक कृतीत नळीच्या हाडातला मगज लोण्याबरोबर परततात.

आता चीज. पार्मिजानो-रेज्जानोच्या नियमानुसार त्यात वासराच्या जठरातलं रेनेटच (दूध गोठवणारं विरजण) वापरावं लागतं, पर्याय नाही. पेकोरीनो रोमानोत कोकराचं असतं. ग्राना पादानोत अंड्यातून काढलेलं लायसोझाइमही (चीज टिकवणारं प्रथिन) सहसा असतं. आईंना हे चालतं का, ते आधीच विचारा. चालत नसेल तर "सेंत्सा फोर्माज्जो" सांगा. रिसोत्तो आचेवरून उतरवल्यावर त्यात गार लोणी आणि चीज फेटतात. ते नुसत्या लोण्यावरही छान मिळून येतं. मास्कारपोने या मऊ, सायीसारख्या चीजला रेनेट लागत नाही, ते साय तापवून आम्लाने फाटवतात.

पास्त्याचं सूत्र: उत्तरेकडचा ताजा पास्ता म्हणजे अंडं धरूनच चाला. वाळवलेला रव्याचा पास्ता बहुधा बिनअंड्याचा. न्योक्कीत (बटाट्याच्या छोट्या उकडलेल्या गोळ्यांत) अंडं असू शकतं, विचारावं लागतं. ब्रेडच्या टोपलीतल्या ग्रिसिनीत (कुरकुरीत ब्रेडच्या कांड्यांत) कधी कधी डुकराची चरबी असते, तिचं नाव "स्त्रुत्तो".

सोनकी:
बाप रे, केशरी रिसोत्तोच आईसाठी मनात होता! चीजचं विचारलं, कळल्यावर आईला नको आहे. मग मऊ शिजलेलं असं काय राहिलं?

रवाळ:
पोलेंता आणि वर पोर्चीनी मशरूम. मक्याचं जाडसर पीठ पाण्यात पाऊण तास घोटलेलं असतं, पोत आपल्या उकडीसारखा. लोणी चालेल, चीज नको, एवढं सांगा. पास्ता हवा तर "बेन कोत्ता" म्हणा, दोन मिनिटं जास्त शिजवून देतील. रिसोत्तोला मात्र ते सांगू नका. तो ताटलीत हळूच पसरणारा, मध्ये किंचित कणी राहिलेला असाच असतो. जास्त शिजला की गोळा होतो.

गोडात तिरामिसू (कॉफीत भिजवलेली बिस्किटं आणि मास्कारपोने) बाद, त्यात कच्चं अंडं आणि बिस्किटांतही अंडं. पान्ना कोत्तात (सायीच्या थरथरत्या पुडिंगात) जिलेटिन. "फियोर दि लात्ते" जेलातो (इटालियन आइस्क्रीम) घ्या, त्यात पारंपरिकरीत्या दूध, साय आणि साखर एवढंच. तरी अंड्याचं एकदा विचाराच.

पूर्ण निर्धास्तपणा हवा तर मिलानचंच जोइया बघा. १९८९ मध्ये पिएत्रो लीमान यांनी सुरू केलेल्या या शाकाहारी रेस्तराँला १९९६ मध्ये मिशेलिन या रेस्तराँ-मार्गदर्शिकेचा मानाचा तारा मिळाला. अंडं आणि चीज तिथेही सांगावं लागेल. सध्याचा मेनू आणि वेळा त्यांच्या साइटवर तपासून घ्या.

तिखटमीठ:
बाबांच्या माशाबद्दल. मिठाच्या कवचात भाजलेला ब्रांझीनो (सी बास मासा) मागवा. वेटर टेबलाजवळ कवच फोडतो, कातडी सोलतो आणि काटे काढून वाढतो. पण किमतीपुढे "एत्तो" लिहिलंय का बघा, म्हणजे भाव १०० ग्रॅमचा. ८ युरो लिहिलेला मासा १.२ किलोचा निघाला तर बिलात ९६ युरो. आधी वजन विचारा, कुणाला वाईट वाटत नाही.

नोव्हेंबर हा आल्बा या इटालियन गावाच्या पांढऱ्या ट्रफलचाही (जमिनीखाली उगवणाऱ्या महागड्या, सुगंधी बुरशीचा) ऐन हंगाम. ते कच्चंच, टेबलावर किसून घालतात आणि भाव ग्रॅमवर असतो. काही ठिकाणी किसण्याआधी आणि नंतर तुमच्यासमोर छोट्या काट्यावर वजन करतात. किती ग्रॅम हवं ते आधी सांगा, नाहीतर किसणी थांबतच नाही. आईंच्या पोलेंतावर ते फार सुरेख लागेल. ट्रफल तेल मात्र टाळा, बहुतेक तेलांत कृत्रिम वास असतो.

बिलात "कोपेर्तो" दिसेल, तो ब्रेड आणि मांडणीचा दरडोई आकार, टिप नव्हे. पाणी बाटलीचंच येतं. "नातुराले" म्हणजे साधं. टिपची सक्ती नाही, सेवा आवडली तर थोडी रोख ठेवा. केक बाहेरून न्यायचा असेल तर परवानगी बुकिंगच्याच मेलमध्ये मागा. अंड्याविना केक मिलानच्या साध्या बेकरीत सहज मिळत नाही, आठवडाभर आधी ऑर्डर द्यावी लागेल.