मदत हवी आहे: कासुले घरी करायचंय

नमस्कार मंडळी,
दक्षिण फ्रान्सचं कासुले, म्हणजे राजमा आणि मांसाचा मंद शिजवलेला पदार्थ, नीट शिकायचं मनावर घेतलंय. तुलूज, कार्कासोन आणि कास्तेलनोदारी ही तिथली तीन गावं, तिन्हींची पद्धत वेगळी. मला कास्तेलनोदारीची हवी आहे. पांढरा राजमा, डुकराचं मांस, सॉसेज आणि बदकाचं कॉन्फी (चरबीत मंद शिजवलेलं मांस), मातीच्या पसरट भांड्यात मंद आचेवर तासन्‌तास. वर खरपूस पापुद्रा धरला की तो मोडून आत दाबायचा, परत धरू द्यायचा. खरी चव त्यातच आहे!

अडतंय तेही तिथेच. पापुद्रा धरेपर्यंत खालचा रस आटतो, दाणे कोरडे पडतात. गरम रस्सा मधेमधे कडेने सोडायचा, की सुरुवातीलाच दाणे बुडतील इतका घालायचा? ओव्हन किती अंशांवर ठेवता? बदक मिळत नाही, तर कोंबडीच्या तंगड्या चरबीत मंद शिजवून चालतील का? ब्रेडचा चुरा घालायचा सल्ला मात्र नको, पापुद्रा दाण्यांचाच हवा.