हांगचौला जातेय. सेलाडॉनसाठी लोंगछ्वानला जावं का?

फिरतं_चाक:
नमस्कार मंडळी. मी पुण्यात घरीच स्टोनवेअर (जास्त तापात भाजलेली पक्की मातीची भांडी) करते, भट्टी विजेची. ऑक्टोबरात आठ दिवस चीनमध्ये हांगचौला जायचंय. सेलाडॉन या हिरव्या झिलईचा तो शांत रंग मला काही केल्या जमत नाही, दरवेळी पिवळट खाकी निघतो. तीन दिवस मोकळे आहेत. भांड्यांसाठी नावाजलेल्या गावांपैकी लोंगछ्वान की चिंगदचन? आणि घ्यावं काय?

गेरू:
ताई, डोळे मिटून लोंगछ्वान. चिंगदचनची ख्याती निळ्या-पांढऱ्या पोर्सेलीनची. तुम्हाला हवी ती झिलई, आणि लोंगछ्वानच्या कुंभारांनी सगळा जीव झिलईतच ओतला.

तुमचं मिश्रण बहुतेक बरोबर असेल. त्यात लोह असतं जेमतेम एक ते तीन टक्के. ऐन तापात भट्टीतली हवा कोंडली की लोहातला ऑक्सिजन निघून जातो आणि हिरवा उमटतो. हवा शिरली की पिवळा. विजेच्या भट्टीत हवा असतेच, म्हणून एकदा कुणाच्या तरी गॅसच्या भट्टीत तेच मिश्रण भाजून बघा.

दक्षिण सोंग काळात (बाराव्या-तेराव्या शतकात) त्यांनी न ओघळणारी झिलई साधली आणि थरावर थर चढवले. त्या जाड थरात बारीक बुडबुडे अडकतात, उजेड आत शिरून पसरतो, म्हणून भांडं जेड या हिरव्या रत्नासारखं दिसतं. संग्रहालयात वाडग्याच्या काठाकडे बघा, तिथे झिलई पातळ होऊन खालची माती डोकावते. मग बुडाची कडा बघा. झिलई नसलेली ती रेघ भाजून विटेसारखी तांबूस झालेली असते. मी त्या रेघेपाशी अर्धा तास उभा होतो.

लोंगछ्वानच्याच दायाओ गावातल्या जुन्या भट्ट्यांच्या जागाही चुकवू नका. डोंगरउतारावर लांबच लांब पसरलेल्या ड्रॅगन भट्ट्या होत्या त्या.

सागरगोटा:
गेरूदादांना अनुमोदन. लोंगछ्वानचा माल किती दूर जायचा बघा: १३२३ साली निंगबोहून जपानकडे निघालेलं जहाज कोरियाजवळ बुडालं, त्यात वीस हजारांहून जास्त भांडी मिळाली, सगळ्यात मोठा वाटा लोंगछ्वानचा. इराण-तुर्कस्तानात याच भांड्यांना ब्रह्मदेशातल्या बंदरावरून 'मर्तबानी' म्हणत. विष घातलं तर भांडं तडकतं, अशी समजूत होती.

तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात एक वाडगा आहे. तडा गेला म्हणून जपानचा लष्करी शासक, शोगुन योशिमासाने तो चीनला पाठवून तसाच दुसरा मागितला, असं सांगतात. तसा आता होत नाही, असं उत्तर आलं आणि तोच वाडगा धातूचे टाके घालून परत आला. टाके अजून दिसतात.

फिरतं_चाक:
गेरूदादा, खूप आभार. गॅसच्या भट्टीचं नक्की करते. बारीक तड्यांची नक्षी असलेली भांडीही तिथलीच ना?

गेरू:
हो. दंतकथेत दोन भाऊ आहेत. थोरल्याच्या भट्टीतली भांडी तडेवाली, धाकट्याच्या भट्टीतली नितळ. गार होताना झिलई मातीपेक्षा जास्त आकसली की तडे पडतात.

खरेदीचं म्हणाल तर आजच्या कारागिराचा एखादा चहाचा पेला घ्या. 'सोंग काळातलं' म्हणून मला एका दुकानदाराने नवंच ताट विकलं होतं. आणि खरं जुनं मिळालं तरी १९११ आधीच्या वस्तू चीनबाहेर नेता येत नाहीत. पेला उलटा करून बुडाची रेघ बघा, आतून उजेडात धरा, मगच पैसे द्या.