मदत हवी आहे: डॉसवरच्या जुन्या मराठी प्रोग्रामचं प्रिंट डॉट मॅट्रिक्सऐवजी फाइलमध्ये कसं वळवायचं?

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात एक ४८६ अजून चालू आहे. त्यावर डॉस ६.२२ आणि नव्वदच्या दशकात एका गृहस्थांनी खास वाचनालयासाठी लिहून दिलेला मराठी प्रोग्राम आहे. ते गृहस्थ आता हयात नाहीत, सोर्स कोड कुणाकडेच नाही. सगळी दाखल नोंदवही या प्रोग्राममध्ये आहे. कागदी नोंदवहीचे सुरुवातीचे खंड वाळवीने खाल्ले, त्यामुळे कोणतं पुस्तक कुणाच्या घरून देणगी आलं आणि कोणत्या साली आलं, हे आता फक्त याच मशीनमध्ये उरलंय. आधीच्या ग्रंथपालबाईंनी शेऱ्याच्या रकान्यात खूप काही लिहून ठेवलंय: ‘पहिली चार पानं नाहीत’, ‘समासात मूळ मालकाच्या टिपा’, ‘दुसरी प्रत बांधणीला’. हे सगळं मला युनिकोडमध्ये हवंय, आणि हार्ड डिस्कचा आवाज ऐकून वाटतं की फार वेळ हातात नाही.

नेहमीचे दोन सल्ले येतील म्हणून आधीच सांगते. डेटा फाइली डीबीएफ (डीबेसच्या नेहमीच्या) नाहीत, प्रोग्रामची स्वतःची बायनरी रचना आहे आणि मजकूर दाबून साठवलेला आहे. फाइलींच्या प्रती काढून ठेवल्यात, पण त्या वाचता येत नाहीत. एम्युलेटरवर (नव्या मशीनवर जुन्याची नक्कल करणाऱ्या साधनावर) प्रोग्राम उघडत नाही, कारण पॅरलल (प्रिंटरच्या) पोर्टवर हार्डवेअर लॉक, म्हणजे प्रोग्रामची नक्कल रोखणारी डबी, आहे आणि ते सापडल्याशिवाय पहिला पडदाच येत नाही. मजकूर बाहेर काढायची वाट एकच, ती म्हणजे प्रिंट. प्रिंटर एप्सनचे कोड समजणारा ९ पिनांचा आहे, पण हेडच्या दोन पिना गेल्यात. त्यातली एक नेमकी शिरोरेषेवर येते, त्यामुळे छापून स्कॅन करण्यातही अर्थ नाही.

म्हणून प्रिंट सिरियल पोर्टवर वळवून लॅपटॉपवर पकडायचं ठरवलं. ऑटोएक्झेक.बॅटमध्ये सध्या क्रम असा आहे: आधी ‘मोड कॉम१:९६,एन,८,१,पी’, मग ‘मोड एलपीटी१:=कॉम१:’ (प्रिंटरचा पोर्ट सिरियलकडे वळवणारी आज्ञा), त्यानंतर मराठी छपाईचा रेसिडेंट (मेमरीत बसून राहणारा) ड्रायव्हर, शेवटी प्रोग्राम. डॉसमधून डिरेक्टरीची यादी पीआरएनला (प्रिंटरला) पाठवली की ती लॅपटॉपवर नीट येते. प्रोग्राममधून रिपोर्ट काढला की लॅपटॉपवर काहीच येत नाही आणि प्रिंटर खडखडायला लागतो. ड्रायव्हर काढून टाकला तर प्रोग्राम सुरू होत नाही.

असं का होतंय? ड्रायव्हरमध्येच बदल करावा लागेल का? आणि सिरियलच्या भानगडीऐवजी त्याच मशीनवर फाइलमध्ये लिहिणारं काही बसवता येईल का?

प्रतिसाद

ताई, तुम्ही दिलेल्या माहितीतच उत्तर आहे. डॉसमध्ये प्रिंटरकडे जाणारं प्रत्येक अक्षर बायोसच्या (मशीनमधल्या मूळ प्रोग्रामच्या) इंटरप्ट १७ हेक्समधून, म्हणजे छपाईसाठी ठरलेल्या हाकेतून, जातं, निदान सरळ वागणाऱ्या प्रोग्रामचं तरी. मोडची ती आज्ञा या इंटरप्टवर आपला छोटा रेसिडेंट तुकडा बसवते आणि अक्षर सिरियलकडे पाठवते. मराठी ड्रायव्हरही त्याच इंटरप्टवर बसतो. इथे जो शेवटी येतो त्याच्या हाती अक्षर सगळ्यात आधी पडतं. तुमच्याकडे ड्रायव्हर मोडच्या नंतर चढतो. साधं इंग्रजी अक्षर तो मागच्याकडे सोपवतो, म्हणून यादी लॅपटॉपवर आली. मराठी आलं की तो अक्षराचे ठिपके करून थेट ३७८ हेक्स पोर्टवर (प्रिंटर पोर्टच्या पत्त्यावर) लिहीत असणार. तिथे इंटरप्टचा संबंधच संपतो.

मोडच्या ओळी ड्रायव्हरच्या खाली हलवा. मग अक्षर ठिपके व्हायच्या आधीच तुमच्या हातात येईल, आणि तुम्हाला हवंय ते नेमकं हेच. ठिपके पकडले तर एस्केप के किंवा एस्केप एल या चित्रछपाईच्या आज्ञांमागे उभ्या आठ-आठ ठिपक्यांचे बाइट मिळतील, त्यांचं चित्र करून टेसरॅक्टसारख्या प्रोग्रामकडून मराठी ओळखून घ्यावी लागेल. तेही जमतं, पण जोडाक्षरांत चुका राहतात. ड्रायव्हरला हात लावू नका, तो मेमरीत असला की प्रोग्राम खूश राहील. लॉकलाही धक्का नाही, कारण लॉक साधारणपणे थेट पोर्टवरून वाचलं जातं. फक्त मेमरीत ४०:८ पत्त्यावर असलेला एलपीटी१चा पोर्ट क्रमांक पुसून टाकण्याची युक्ती कुणी सुचवली तर करू नका, त्याने लॉक सापडेनासं होऊ शकतं.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. फाइलमध्ये लिहिण्याबद्दल बोलतो, कारण असा टीएसआर (रेसिडेंट प्रोग्राम) लिहिताना मी बराच अडलो होतो. प्रोग्राम डॉसमार्फत छापत असेल तर इंटरप्ट १७ येतो तेव्हा डॉस स्वतः मध्येच अडकलेला असतो. डॉस पुनःप्रवेशी नाही, म्हणजे एक काम अर्धवट असताना त्याला दुसरं सांगता येत नाही. त्याच क्षणी तुम्ही इंटरप्ट २१ हेक्सने (डॉसला दिलेल्या हाकेने) फाइलमध्ये लिहायला गेलात तर मशीन लटकतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे डिस्कवरच्या नोंदी बिघडतात. योग्य पद्धत अशी की अक्षरं बफरमध्ये साठवायची, इनडॉस फ्लॅग (डॉस कामात आहे का ते सांगणारी खूण) बघायचा आणि डॉस मोकळा असेल तेव्हाच फाइलमध्ये उतरवायची. शिवाय प्रोग्राम प्रिंटरची स्थिती विचारेल तेव्हा ‘तयार आहे’ असं उत्तर, म्हणजे १४४, द्यावं लागतं. करता येतं, पण तुमच्या त्या एकुलत्या डिस्कवर हा प्रयोग नको. सिरियलचा मार्ग इंटरप्ट १४ हेक्सने बायोसमधून जातो, डॉसला विचारतच नाही, म्हणून तो सुरक्षित.

‘एन,८’ दिलंय ते बरं केलंत. नुसता वेग दिला तर मोड सात बिट आणि सम पॅरिटी (तपासणीचा बिट) धरतं. मग वरचा बिट कापला जातो आणि मराठीचा कचरा होतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. क्रम बदलला आणि रिपोर्ट लॅपटॉपवर येतोय! प्रिंटर गप्प आहे. ‘मराठी’ या शब्दाला २०४ २०७ २१८ १९० २२० असे बाइट आलेत. हे कोणतं कोडिंग? आणि प्रत्येक रकान्याच्या सुरुवातीला १७९ येतोय, तो का, ते कळत नाही.

प्रतिसाद

हे तर इस्की, भारतीय लिप्यांचं जुनं कोडिंग! भारतीय मानक आयएस १३१९४, १९९१. म २०४, र २०७, काना २१८, ठ १९०, दीर्घ वेलांटी २२०. अक्षरं बरोबर जुळतात. खात्रीसाठी ‘कि’ असलेली एखादी नोंद बघा. इस्कीत क आधी आणि ऱ्हस्व वेलांटी नंतर, म्हणजे १७९ २१९ असा क्रम येतो. फॉन्टचे कोड असते तर वेलांटी आधी आली असती. युनिकोड करायला आयसीयू या युनिकोड साधनसंचातलं यूकॉन्व्ह आहे, विंडोजमध्ये ५७००२ हे कोडपेज (अक्षरांच्या कोडांचा तक्ता) आहे.

दोन गोष्टी मात्र स्वतः तपासा. ‘वाऱ्या’, ‘दुसऱ्या’ अशा शब्दांत २०८ २३२ २०५ येईल. २०८ म्हणजे ऱ. काही हौशी तक्ते त्याला साधा र करतात आणि मग ‘दुसर्या’ उमटतं. दुसरी गोष्ट, १७४चा ऍ होईल. मराठीतला ॲ युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आला, म्हणून तो नंतर शोधून बदलावा लागेल.

रकान्याआधीचा १७९ म्हणजे जुन्या आयबीएम कोडपेज ४३७मधली उभी रेघ. तोच आकडा इस्कीत क आहे. ड्रायव्हरला या दोघांत फरक करता यायलाच हवा, म्हणजे रेघेच्या आधी काहीतरी खूण असणार. हेक्स एडिटरमध्ये १७९च्या अलीकडचे दोन-तीन बाइट बघा.

धागाकर्ती

सापडली. रेघेआधी २७ (एस्केप) आणि त्यापाठोपाठ एक ठरावीक बाइट येतो, रेघेनंतर २७ आणि दुसरा. ‘कादंबरी’तल्या कच्या आधी असं काही नाही. आता दोन्ही खुणांमधला भाग आधी काढून टाकते, मग यूकॉन्व्ह चालवते.

एक अडचण अजून आहे. यादीच्या रिपोर्टमध्ये शेऱ्याचा रकाना कापला जातो, पूर्ण शेरा फक्त एकेका पुस्तकाच्या कार्डावर छापतो, आणि कार्ड एका वेळी एकच निघतं. दाखल क्रमांक टाकून एंटर मारायचं काम डॉसकडूनच करून घेता येईल का? म्हणजे कीबोर्डच्या बफरमध्ये आकडे भरणारं एखादं छोटं साधन? मशीन रात्रभर चालू ठेवायची माझी तयारी आहे.