शब्दचर्चा : ‘हात लावला’ म्हणजे नक्की काय केलं?

पुण्यातल्या शालेय बास्केटबॉल सामन्यांना मी स्कोअरर टेबलवर बसते. शेजारी शिकाऊ मुलं-मुली असतात, बरीचशी मराठी माध्यमातली. पंचांच्या खुणा त्यांना पटकन कळाव्यात म्हणून एक पानभर मराठी मजकूर करायला घेतला आणि एका अगदी साध्या वाक्यावर अडले : ‘हात लावला’.

हाताने झालेल्या प्रत्येक फाऊलला मैदानावर हे एकच वाक्य वापरलं जातं. पालक तेच ओरडतात, राखीव खेळाडूही तेच ओरडतात. मात्र फिबाचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचं, नियमपुस्तक नेमकं उलट सांगतं. प्रतिस्पर्ध्याला हात लागणं हा आपोआप फाऊल होत नाही. त्या स्पर्शाने कुणाला अन्याय्य फायदा झाला का, समोरच्याची हालचाल अडली का, हे पंचाने पाहायचं असतं.

आपल्याकडे हा गोंधळ का होतो, याचं एक कारण मला दिसतं. आपण लंगडी, पकडापकडी, खो-खो खेळत वाढतो. खो-खोचे नियम तर 1914 मध्ये इथे, डेक्कन जिमखान्यावरच बांधले गेले. या सगळ्या खेळांत ‘हात लागला’ म्हणजे निकाल लागला, गडी बाद. स्पर्श हाच पुरावा. ते कान घेऊन आपण बास्केटबॉल बघायला बसतो आणि हात लागूनही शिट्टी वाजली नाही की पंचावर चिडतो.

मग मी ‘हात’ तसाच ठेवून पुढची क्रियापदं बदलून पाहिली. नियमपुस्तकातले बारकावे मराठीत आधीपासून आहेत!

‘हात लावला’ : नुसता स्पर्श, बहुतेक वेळा शिट्टी नाही. पण ‘हात लावत राहिला’ म्हटलं की फाऊल, कारण पुन्हा पुन्हा डिवचण्याने खेळ धसमुसळा होतो असं नियमच म्हणतो. फरक फक्त ‘राहिला’चा.

‘हात ठेवला’ : बचाव करणाऱ्याने समोरच्याच्या अंगावर हात टेकवून तो तिथेच राहू दिला आणि त्याची वाट रोखली. याला सगळे ‘हँडचेक’ म्हणतात. पंच स्वतःचा एक पंजा दुसऱ्या हाताने धरून पुढे रेटल्यासारखा नेतात.

‘हात मारला’ : फटका. चेंडू काढायला गेला आणि चापट मनगटावर बसली. पंच आपल्याच मनगटावर मारून दाखवतात.

‘हात धरला’ : पंच स्वतःचं मनगट पकडून हात खाली ठेवतात. इथे शिकाऊ मुलं हमखास चुकतात. तेच मनगट धरून हात डोक्यावर नेला की अर्थ बदलतो, तो अनस्पोर्ट्समनलाइक, म्हणजे खिलाडूवृत्ती सोडून केलेला, फाऊल होतो. स्कोअरशीटवर साध्या वैयक्तिक (पर्सनल) फाऊलच्या ‘पी’ऐवजी ‘यू’ लिहावा लागतो, आणि असे दोन झाले की खेळाडूला सामन्याबाहेर जावं लागतं.

‘ढकललं’ला खुणेचं भाषांतर लागत नाही. पंच हवेत ढकलून दाखवतात, पोरांना लगेच कळतं.

‘हात घातला’चं काय करावं, ते मात्र ठरत नाही. मुलं ‘रीच इन, रीच इन’ ओरडतात, पण त्या नावाचा फाऊल फिबाच्या पुस्तकात नाही. चेंडूसाठी हात घालणं हा बचाव करणाऱ्याचा हक्क आहे. घातलेला हात अंगावर बसला आणि त्याने समोरच्याचं नुकसान झालं, तर तो ‘मारला’ किंवा ‘धरला’ होतो. म्हणून पानावर ‘हात घातला : फाऊल नाही’ असं स्पष्ट लिहावं असं मला वाटतं. तुमचं मत सांगा.

प्रतिसाद

ताई, नमस्कार. मी कबड्डीत पुष्कळ वर्षं पंच होतो. तुमच्या यादीत ‘पकडलं’ नाही हे बरं झालं. आमच्याकडे ‘पकड’ हा कौतुकाचा शब्द आहे. चढाई करणाऱ्याची घोट्यात पकड केली की मैदान टाळ्या वाजवतं. कबड्डी खेळणाऱ्या मुलाला ‘तू पकडलंस म्हणून फाऊल’ सांगितलं तर त्याला त्यात गुन्हा दिसणारच नाही. ‘धरलं’ हाच शब्द ठेवा. कोपराच्या फाऊलला मात्र ‘कोपरखळी’ हा आयता शब्द आहे, तो सोडू नका.

प्रतिसाद

चर्चा छान आहे, पण एक शंका. कागदावर या सगळ्यांना एकच ‘पी’ पडतो. मारला, धरला, ठेवला, काहीही असो, खेळाडूच्या नावापुढे एक फाऊल वाढतो आणि पाच झाले की तो बाहेर. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार भरले की पुढच्याला दोन फ्री थ्रो. मग स्कोअररला एवढी चिकित्सा कशाला?

माझं उत्तर

दादा, तुमची शंका रास्त आहे. कागदाला फरक पडत नाही, खेळणाऱ्याला पडतो. पंच आधी मूठ वर करून घड्याळ थांबवतात (उघडा पंजा असेल तर तो फाऊल नाही, नियमभंग). मग टेबलसमोर येऊन क्रमाने तीन गोष्टी सांगतात : खेळाडूचा नंबर, फाऊलचा प्रकार, आणि पुढे काय, म्हणजे फ्री थ्रो की बाजूने चेंडू. मधली खूण टेबलसाठी कमी आणि प्रशिक्षकासाठी जास्त असते. ती वाचता आली तर प्रशिक्षक मुलीला सांगू शकतात, ‘हात ठेवतेस, पाय हलव.’ नाहीतर ‘हात लावू नकोस’ एवढंच सांगितलं जातं, आणि ती पुढच्या वेळी हात मागे बांधून उभी राहते. हे मी या मोसमात दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा समोरचीने मोकळी बास्केट केली. खरं तर हात सरळ वर ठेवायचा तिला पूर्ण अधिकार आहे. तिच्या उभ्या जागेवरची, सरळ वरची हवाही तिचीच. हात वर असताना शूटर येऊन आदळली तर दोष तिचा नाही. हात पुढे वाकला, खाली आला आणि शूटरला लागला, तर तिचा.

आणखी एक. बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ यांनी 1891 मध्ये लिहिलेल्या मूळ 13 नियमांपैकी पाचवा पाहा : खांदा मारणे, धरणे, ढकलणे, पाय घालून पाडणे, मारणे. क्रियापदांची रांग आहे आणि तिच्यात ‘स्पर्श करणे’ नाही. म्हणजे क्रियापदं वेगळी ठेवण्याची गरज या खेळाला पहिल्या दिवसापासून आहे.

काका, ‘धरलं’ पक्कं. ‘कोपरखळी’ मला स्वतःला फार आवडतो, पण आज ती बोलण्यातच मारली जाते. मुलांच्या कानाला त्यात गंमत ऐकू येते, आणि जोरात फिरवलेल्या कोपराने दात पडू शकतो. पंच त्यासाठी कोपर मागे झटकून दाखवतात, म्हणून मी ‘कोपर मारलं’ लिहिते.

‘हस्तक्षेप’ही मनात आला होता. हस्त आणि क्षेप, म्हणजे हात टाकणं, मुळात किती नेमका! पण तो शब्द आता कचेऱ्यांत आणि बातम्यांत गेलाय. बारा वर्षांची मुलगी शिट्टीनंतर तो उच्चारणार नाही.

शनिवारी हे पान मुलांना देतेय. खूण मी करून दाखवणार, क्रियापद त्यांनी लिहायचं. काय काय लिहितात ते इथे कळवते.